आंघोळ कोण घालतं?

पंधरा ऑगस्ट जवळ आला, सासूबाईंचं वर्षश्राद्ध आलं किंवा नातवाचा पहिला वाढदिवस आला, की आपल्याला गावातल्या विशेष मुलांच्या शाळेची, वसतिगृहाची आठवण होते. लाडवांचे डबे, वह्या, चादरी, केळ्यांचे घड घेऊन आपण जातो. मुलं गाणं म्हणून दाखवतात, एखादी मुलगी हात धरून सोडतच नाही, आपले डोळे भरून येतात. फोटो निघतात. यात वाईट काहीच नाही. उलट आपल्यासारख्या गावांमध्ये अशा संस्था बऱ्याचशा लोकांच्या देण्यावरच चालतात.

पण मैत्रिणींनो, एक गोष्ट तुमच्या कधी लक्षात आली आहे का? त्या दिवशी आपण फाटकातून आत गेलो तेव्हा आपलं नाव कुणी विचारलं? वहीत सही घेतली? बहुतेक ठिकाणी नाही. आपण सरळ मुलींच्या झोपायच्या खोलीपर्यंत गेलो, त्यांना जवळ घेतलं, मोबाइलवर फोटो काढले आणि घरी येऊन ते दहा जणांना पाठवले. आपण चांगल्या मनाने गेलो होतो, म्हणून काही बिघडलं नाही. पण ज्या दारातून आपण विनासायास आत गेलो, त्याच दारातून वाईट मनाचा माणूसही तितक्याच सहज जातो. तोही लाडवांचा डबा घेऊनच जातो.

हे लिहावंसं वाटलं ते ओळखीतल्या एका आईमुळे. तिची मुलगी चौदा वर्षांची, बौद्धिक अक्षमता असलेली. दोन वर्षं खेटे घातल्यावर शेजारच्या जिल्ह्यातल्या एका निवासी शाळेत तिला जागा मिळाली. ‘काय काय चौकशी केलीस?’ म्हणून मी विचारलं. तिने जेवणाचं विचारलं होतं, सुट्ट्यांचं विचारलं होतं, अंथरुण-पांघरुण काय आणायचं तेही विचारलं होतं. ‘आणि आंघोळ कोण घालतं गं तिला?’ ती गप्प झाली. मग म्हणाली, ‘ते मनात आलं होतं हो. पण एवढ्या मुश्किलीनं जागा मिळाली. त्यांना वाटायचं, ही बाई संशय घेतेय. तिला परत घेऊन जा म्हणाले असते तर?’

या एका वाक्यात सगळं आलं. दिव्यांग मुलाला कुणी सांभाळतंय, याचंच आपल्याला इतकं ओझं वाटतं, की पुढचा प्रश्न घशातच राहतो. बालवाडीच्या फीबद्दल भांडणारी, भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणारी आई इथे मात्र हात जोडून उभी राहते. संस्था म्हणजे उपकार, आणि उपकार करणाऱ्याला प्रश्न विचारायचे नाहीत, असं आपण ठरवूनच टाकलं आहे.

कायदा मात्र असं मानत नाही.

प्रश्न न विचारल्याने काय होतं, हे आपण पाहिलेलं आहे. ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूत एरवाडी इथल्या एका खासगी मनोरुग्ण गृहाला पहाटे आग लागली. तिथली माणसं साखळ्यांनी बांधलेली होती. त्यांना पळता आलं नाही आणि २८ जण जळून मेले. त्यांना तिथे ठेवणारे त्यांचे नातेवाईकच होते, बहुतेक देवावर आणि चालकांवर विश्वास ठेवून. महाराष्ट्रानेही असं पाहिलं आहे. १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी गृहातल्या मुलींची गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रिया पुण्याच्या ससून रुग्णालयात झाल्या. कारण काय, तर त्यांच्या पाळीची स्वच्छता ठेवणं जमत नाही. महिला संघटना रस्त्यावर उतरल्या तेव्हा तो प्रकार थांबला. २०१० मध्ये ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या कवडासच्या एका संस्थेतल्या मुलांचे हाल पेपरात आले आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पाठोपाठ २०११ मध्ये पनवेलजवळ कळंबोलीतल्या एका संस्थेतल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींवर अत्याचार होत असल्याचं उघडकीला आलं. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने संस्थेच्या चालकालाच दोषी ठरवलं.

या सगळ्या ठिकाणी बाहेरून पाहणाऱ्याला काय दिसत होतं? पाटी होती, इमारत होती, ‘सेवा’ चालली होती.

आता कायदा काय म्हणतो ते सोप्या शब्दांत पाहू. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये मंजूर झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. तो म्हणतो, नोंदणी प्रमाणपत्राशिवाय दिव्यांगांसाठीची संस्था कुणालाही सुरू करता येणार नाही, चालवता येणार नाही. ते प्रमाणपत्र संस्थेत ठळक जागी लावलं पाहिजे. त्याला मुदत असते आणि मुदत संपण्याच्या ६० दिवस आधी नूतनीकरणासाठी अर्ज करावा लागतो. अटी मोडल्या तर नोंदणी रद्द होऊ शकते, आणि तसं झालं तर तिथल्या मुलांना पालकांकडे पोचवायचं की दुसऱ्या संस्थेत हलवायचं, याचा आदेशही देता येतो. म्हणजे कारवाई झाली म्हणून मुलं वाऱ्यावर पडावीत, असं कायद्याला अपेक्षित नाही. कायदा मोडणाऱ्याला पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पुन्हा मोडला तर ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत.

अठरा वर्षांखालची निराधार किंवा काळजी-संरक्षणाची गरज असलेली मुलं ठेवणाऱ्या संस्थेला बाल न्याय कायदा २०१५ खालीही नोंदणी लागते. ती नसेल तर चालकाला एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड होऊ शकतो. मानसिक आजाराच्या रुग्णांसाठी २०१७ चा वेगळा कायदा आहे. त्यात माणसाला साखळीने बांधायला साफ मनाई आहे, कुठल्याही कारणाने, कुठल्याही प्रकारे.

एक गोम मात्र सांगायला हवी. दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातलं नोंदणीचं प्रकरण सरकारने स्वतः चालवलेल्या संस्थांना लागू होत नाही. शिरूरचं गृह सरकारीच होतं, हे लक्षात घेतलं की ही पळवाट खटकते. पण छळ, उपासमार, अत्याचार यांची कलमं सगळ्यांना सारखी आहेत. तिथे सरकारी-खासगी असा भेद नाही.

ही कलमं कडक आहेत. दिव्यांग माणूस ज्याच्या ताब्यात आहे त्याने जाणूनबुजून त्याला अन्न किंवा पाणी दिलं नाही, तर तो गुन्हा. चारचौघांत मुद्दाम अपमान केला, तर गुन्हा. त्याच्या काठीची, कुबडीची, कानातल्या यंत्राची मुद्दाम मोडतोड केली, तर गुन्हा. दिव्यांग स्त्रीवर किंवा मुलावर आपला वरचष्मा आहे म्हणून लैंगिक गैरफायदा घेतला, तर गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत, आणि दंड. बलात्कार असेल तर त्याची शिक्षा अर्थातच याहून कितीतरी मोठी. आणि दिव्यांग व्यक्तीच्या मोकळ्या, समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय तिला मूल होणार नाही अशी शस्त्रक्रिया करता येणार नाही, हेही याच कायद्यात लिहिलं आहे. शिरूरच्या मुलींना हे संरक्षण तेव्हा नव्हतं.

मूल अठरा वर्षांखालचं असेल तर २०१२ चा पोक्सो कायदा लागतो. अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची भीती असल्याचं ज्याला कळलं, त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवणं हाच गुन्हा. सामान्य माणसाला सहा महिन्यांपर्यंत शिक्षा, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं कृत्य दडपलं तर एक वर्षापर्यंत. ‘संस्थेची बदनामी होईल’, ‘आपण आपसात मिटवू’, ‘मुलीचं लग्न व्हायचंय’ यातलं काहीही कायद्याला चालत नाही. चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर मात्र त्या माहितीवरून खटला भरता येत नाही. पोक्सोच्या २०२० च्या नियमांनुसार मुलांशी रोज संबंध येणाऱ्या संस्थेने आपल्या सगळ्या माणसांची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करून घ्यायची आहे आणि त्यांना मुलांच्या सुरक्षेचं प्रशिक्षणही द्यायचं आहे. ‘सगळ्या’ म्हणजे मुख्याध्यापकांपासून व्हॅनच्या ड्रायव्हरपर्यंत, स्वयंपाकिणीपासून रात्रीच्या वॉचमनपर्यंत.

हे वाचून संस्थेत काम करणारी एखादी मैत्रीण वैतागेल. तिचं म्हणणं मी ऐकलेलं आहे. ‘अहो, आम्ही अर्ध्या पगारात राबतो. अनुदान कधी येईल याचा भरवसा नाही. रात्री वीस मुलांमागे एक मावशी. त्यात हे रजिस्टर, ते रजिस्टर. एवढे नियम लावले तर संस्था चालवणार कोण?’

तिचं खोटं नाही. आपल्याकडच्या कितीतरी चांगल्या संस्था पालकांच्या पोटतिडकीतून उभ्या राहिल्या. मुंबईची जय वकील शाळा १९४४ मध्ये एका आईवडिलांनी आपल्या मुलीसाठी, तिच्यासारख्या मुलांसाठी सुरू केली. तेव्हा ना कायदा होता ना अनुदान. अशा माणसांकडे चोर म्हणून पाहणं अन्यायाचं होईल. आणि सरकार पैसे वेळेवर देत नसेल, तपासणीला येणारा साहेब फक्त कागद पाहून चहा पिऊन जात असेल, तर त्याचा जाब सरकारला विचारायला हवा. वीस मुलांमागे एकच मावशी, हा मावशीचा दोष नव्हे.

पण नोंदवही ही मावशीची शत्रू नाही, ती तिची साक्षीदार आहे. समजा, फिट्स येणारा एक मुलगा रात्री पडला आणि त्याच्या कपाळाला खोक पडली. वहीत लिहिलं असेल की अमुक वाजता फिट आली, अमुक जणी हजर होत्या, डॉक्टरांना आणि घरी फोन केला, तर सकाळी आलेल्या आईला पटतं. लिहिलं नसेल तर पहिलं बोट मावशीकडेच जातं, आणि तिची बाजू सांगायला कुणी नसतं. प्रामाणिक माणसाला नियमाचा आधारच होतो. त्याची अडचण होते ती दुसऱ्या प्रकारच्या माणसाला.

शिवाय सगळ्या गोष्टींना पैसे लागत नाहीत. फाटकाशी पाहुण्यांची वही ठेवायला शंभर रुपयेही लागत नाहीत. मुलींची आंघोळ, कपडे बदलणं, पाळीची काळजी बायकांनीच करायची, हा नियम करायला पैसे लागत नाहीत. पाहुण्याला एकट्या मुलासोबत बंद खोलीत बसू द्यायचं नाही, झोपायच्या खोल्यांत नेऊन ‘दाखवायचं’ नाही, मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय काढू द्यायचे नाहीत, यालाही काही लागत नाही. लागते ती देणगीदाराला ‘नाही’ म्हणायची हिंमत. ती संस्थेत यायची असेल तर देणगीदारांनीच, म्हणजे आपणच, ती सोपी करून द्यायला हवी.

म्हणून मूल संस्थेत ठेवताना, रोजच्या शाळेत घालतानाही, काय विचारायचं ते सांगते. कागदावर उतरवून न्या.

नोंदणी प्रमाणपत्र कुठे लावलं आहे आणि त्याची मुदत कधी संपते, ते वाचा. शिकवणाऱ्या विशेष शिक्षिकेचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. १९९२ च्या कायद्याप्रमाणे तो लागतोच, आणि सांगायला लाज वाटावी असं त्यात काही नाही. पोलीस पडताळणी कुणाकुणाची झाली आहे, विचारा. आंघोळ कोण घालतं, रात्री मुलींच्या खोलीशी कोण असतं, व्हॅनमध्ये ड्रायव्हरशिवाय बाई असते का, विचारा. औषधं कुठे ठेवतात आणि कोण देतं, विचारा. मूल ऐकत नाही, चावतं, ओरडतं, तेव्हा तुम्ही काय करता, हे तर नक्की विचारा. ‘खोलीत कोंडतो’, ‘बांधून ठेवतो’ असं सहज उत्तर आलं, तर तिथून मुलाला घेऊन घरी या. आणि शेवटचं, न सांगता भेटायला आलं तर चालेल का? चांगली संस्था हो म्हणते. फार तर म्हणेल, ‘जेवणाची वेळ सोडून या, मुलं बिथरतात.’ ‘आधी फोन करूनच यायचं’ असा हट्ट असेल तर सावध व्हा.

मूल घरी आलं की त्याच्याकडे नुसतं ‘वजन वाढलं का’ म्हणून पाहू नका. आपलं लेकरू तोंडाने सांगू शकत नाही, पण अंगाने सांगतं. सुटलेली सवय परत लागणं, अंथरुणात शू होणं, कपडे काढताना अंग चोरणं, आंघोळीला घाबरणं, एखाद्या माणसाचं नाव काढताच बिथरणं, परत जायच्या दिवशी उलटी होणं. ‘अशी मुलं असंच करतात’ म्हणून हे सोडून देऊ नका. याचा अर्थ दरवेळी अत्याचारच असतो असं नाही, पण दरवेळी विचारपूस मात्र हवी. शरीराच्या सगळ्या भागांना घरात सरळ नावं ठेवा. ‘नको’ म्हणायला, हाताने ‘नको’ दाखवायला शिकवा. बोलता येत नसेल तर चित्रांची कार्डं वापरा. ज्या मुलाला जन्मभर फक्त ‘शहाण्यासारखं ऐक’ एवढंच शिकवलं, ते वाईट माणसाचंही ऐकतं.

संशय खरा वाटला तर कुठे जायचं? मुलांसाठी १०९८, तातडीच्या मदतीसाठी ११२. शिवाय दिव्यांग कायद्याने एक दार आपल्या तालुक्यातच उघडून दिलं आहे. दिव्यांग माणसाचा छळ होतोय किंवा होण्याची शक्यता आहे असं वाटलं, तर कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवू शकतं. तालुक्याला हे अधिकार तहसीलदारांकडे असतात. माहिती मिळाली की छळ थांबवायची पावलं त्यांनी लगेच उचलायची आहेत. तोंडी सांगू नका, अर्ज द्या, पोच घ्या. लैंगिक अत्याचाराच्या तक्रारीत दिव्यांग स्त्रीने पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढायची गरज नाही. तिचा जबाब तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी, खुणांची भाषा जाणणाऱ्या माणसाच्या किंवा विशेष शिक्षिकेच्या मदतीने घ्यायचा आणि त्याचं चित्रीकरण करायचं, असा नियम आहे. ‘हिला काय कळतंय, हिचा जबाब कसा घेऊ?’ असं कुणी म्हणालं, तर त्याला हा नियम दाखवा.

आणखी एक कागद आहे, तो घरातल्यांसाठी. मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याच्या लेखी ते सज्ञान होतं, मग त्याची समज चार वर्षांच्या मुलाएवढी का असेना. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमते. अर्ज आईवडिलांना करता येतो, नातेवाइकांना करता येतो. पण पालक झालं म्हणजे मालक झालं नाही. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची आणि दरवर्षी हिशेब द्यायचा. छळ केला, हेळसांड केली, मालमत्तेचा गैरवापर केला, तर नेमलेला पालक काढूनही टाकता येतो. आईवडिलांच्या मागे भावाने सांभाळायचं म्हणून शेत नावावर करून घेतलं आणि बहिणीला गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवलं, असं आपण आसपास पाहतोच की. संस्थेला लावायचा नियम घरालाही लावायला हवा.

आता आपल्या मंडळाचं, भिशीचं, बचत गटाचं काम. येत्या संक्रांतीला वाण म्हणून स्टीलच्या वाट्या लुटण्याऐवजी गावातल्या विशेष शाळेला दोन जाड नोंदवह्या द्या, एक फाटकाशी ठेवायला, एक रात्रीच्या मावशीला. न्हाणीघराच्या दाराला कडी नसेल तर बसवून द्या. रात्रीची दुसरी मावशी ठेवायला महिन्याची वर्गणी काढा. पालकांची समिती नसेल तर तिच्यासाठी चार आयांना एकत्र बसवा. आणि पहिली भेट द्यायला जाल तेव्हा फाटकाशी थांबून स्वतःच म्हणा, ‘ताई, आधी आमची नावं लिहून घ्या, मगच आत सोडा.’